प्लग-इन हायब्रिडची विजेवरची रेंज आणि एसी-हीटरचा हिशेब

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लगला लावून चार्ज करायची बॅटरी आणि पेट्रोलचे इंजिन असे दोन्ही असलेली गाडी घेताना ती निव्वळ विजेवर किती किलोमीटर धावेल याचा एक आकडा सांगितला जातो, आणि कडक उन्हाळ्यात किंवा ऐन थंडीत तो आकडा हाती लागत नाही, असा बहुतेकांचा अनुभव असतो. यात फसवणूक झालेली नसते. युरोपात आणि इतरही अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूएलटीपी या चाचणीत गाडी २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत, एसी आणि हीटर बंद ठेवून धावते. आपण मात्र वर्षातले बरेच महिने अशा हवेत गाडी चालवतो की ज्यात काहीतरी गार किंवा गरम केल्याशिवाय आत बसवत नाही, आणि ते गार-गरम करण्याची वीज ज्या बॅटरीतून चाके फिरतात त्याच बॅटरीतून जाते.

पूर्ण विजेच्या गाडीलाही हा खर्च चुकत नाही, परंतु तिची बॅटरी बहुधा ५० ते ८० युनिटांची असते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, विजेच्या बिलावरचे युनिट ते हेच.) प्लग-इन हायब्रिडची बॅटरी सहसा ८ ते २० युनिटांच्या दरम्यान असते; उदाहरणार्थ, २०१७ सालच्या टोयोटा प्रायस प्राइममध्ये ती ८.८ युनिटांची होती. शिवाय ती सगळी वापरायला मिळत नाही, कारण बॅटरीचे आयुष्य टिकावे आणि पुढे इंजिनाच्या जोडीने हायब्रिड म्हणून धावताना हाताशी थोडी वीज असावी, यासाठी गाडी त्यातला काही हिस्सा राखून ठेवते. त्यामुळे तासाभरात २ युनिटे खाणारा हीटर मोठ्या बॅटरीतून तीन-चार टक्के वीज नेतो, तर छोट्या बॅटरीतून पंचवीस टक्क्यांपर्यंत. म्हणूनच एसी आणि हीटर शहाणपणाने वापरण्याचा सर्वांत मोठा फायदा प्लग-इन हायब्रिडच्या मालकाला होतो, आणि तो मिळवण्यासाठी गाडीत घामाघूम होऊन किंवा कुडकुडत बसण्याची मुळीच गरज नसते.

किलोमीटरचा खर्च आणि तासाचा खर्च

या विषयातली एक गोष्ट नीट ध्यानात आली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात, म्हणून ती आधी सांगतो. चाके फिरवण्याचा खर्च किलोमीटरवर मोजला जातो आणि एसी-हीटरचा खर्च तासावर. टॅक्सीच्या मीटरमध्ये अंतराचा आकार वेगळा आणि थांबून राहिल्याचा आकार वेगळा लागतो, तसेच हे आहे. गाडी सिग्नलला उभी असताना मोटर जवळपास काहीच वीज घेत नाही, परंतु एसीचा कॉम्प्रेसर आणि हीटर चालूच असतात.

समजा, एका गाडीच्या बॅटरीतली १० युनिटे प्रत्यक्ष वापरता येतात आणि नुसते धावायला तिला किलोमीटरला ०.१७ युनिट लागते. एसी-हीटर बंद असताना ती सुमारे ५९ किलोमीटर जाईल. आता थंडीच्या दिवशी हीटर सरासरी ३ किलोवॅट घेतो आहे आणि शहरातल्या गर्दीत गाडीचा सरासरी वेग तासाला २५ किलोमीटर आहे, असे धरू. मग प्रत्येक किलोमीटरमागे हीटरचे ०.१२ युनिट वाढते, एकूण खर्च ०.२९ युनिटावर जातो आणि रेंज ३४ किलोमीटरवर येते. तोच हीटर तितकाच चालू ठेवून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीने गेलो, तर किलोमीटरमागे फक्त ०.०५ युनिटाची भर पडते आणि रेंज ४५ किलोमीटर राहते. हीटर तोच, बाहेरची थंडी तीच, फरक फक्त रस्त्यावर काढलेल्या वेळेचा आहे. उन्हाळ्यात केबिन एकदा थंड झाल्यावर एसी सरासरी १ किलोवॅट घेतो असे मानले, तर त्याच गाडीला गर्दीत साधारण ४८ आणि मोकळ्या रस्त्यावर साधारण ५४ किलोमीटर मिळतील.

हे आकडे एका कल्पित गाडीचे आहेत आणि प्रत्येक गाडीत ते थोडेफार वेगळे येतील, पण त्यांचा कल सगळीकडे हाच राहतो. गर्दीची वेळ टाळून निघणे हा रेंज वाढवण्याचा उपाय म्हणून कोणी सुचवत नाही. प्रत्यक्षात अतिउष्ण किंवा अतिथंड दिवशी तो फार चांगला उपाय आहे.

तासाच्या या खर्चाला आणखी एक पैलू आहे. तो सुरुवातीला खूप जास्त असतो आणि नंतर उतरतो. उन्हात तापलेली किंवा रात्रभर गारठलेली गाडी सुरू केल्यावर नुसती हवा बदलून भागत नाही. डॅशबोर्ड, सीटा, काचा, छताचे अस्तर हे सगळे हवेबरोबर गार किंवा गरम व्हावे लागते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत यंत्रणा ३ ते ५ किलोवॅट ओढू शकते, आणि एकदा आतले तापमान स्थिरावले की तेवढेच टिकवायला त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी वीज पुरते. प्लग-इन हायब्रिडचा रोजचा प्रवास बहुधा छोटा असतो, म्हणजे तो संपूर्ण प्रवास या महागड्या टप्प्यातच उरकतो. दिवसात चार वेगवेगळ्या छोट्या फेऱ्या मारल्या आणि मधल्या वेळेत गाडी पुन्हा तापली किंवा गारठली, तर सुरुवातीचा हा भुर्दंड चार वेळा बसतो. कामे जोडून एकाच फेरीत केली, तर तो एकदाच बसतो.

थंडी उन्हाळ्यापेक्षा महाग का पडते

पेट्रोलच्या गाडीत हीटर जवळपास फुकट चालतो, कारण इंजिन मुळातच पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवत असते आणि हीटर त्यातलीच थोडी उष्णता आत वळवतो. विजेच्या मोटरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या पुढे असते. तिच्याकडे वाया घालवायला फारशी उष्णता नसते, म्हणून आतली ऊब वेगळी निर्माण करावी लागते.

त्यात तापमानाचा फरक पाहण्यासारखा आहे. बाहेर ३५ अंश असताना आत २४ अंश हवे असतील, तर फरक ११ अंशांचा आहे. बाहेर शून्य अंश असताना आत २० अंश हवे असतील, तर तो २० अंशांचा होतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच पूर्ण विजेच्या गाड्यांची चाचणी प्रसिद्ध केली होती. त्यात उणे ७ अंशांच्या आसपासच्या थंडीत हीटर वापरल्यावर रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली, तर ३५ अंशांच्या उष्णतेत एसी वापरल्यावर १७ टक्क्यांनी. हीटर आणि एसी बंद ठेवून त्याच तापमानांत गाड्या धावल्या तेव्हा ही घट अनुक्रमे १२ आणि ४ टक्के एवढीच होती. थंडीने बॅटरी स्वतः मंदावते हे खरे असले, तरी बहुतांश फटका हीटरचाच असतो, हे यातून स्पष्ट दिसते.

हीटर कोणत्या प्रकारचा आहे यावरही बरेच ठरते. साधा विद्युत हीटर एक युनिट विजेतून एक युनिट उष्णता देतो, त्याहून जास्त कधीच नाही. हीट पंप म्हणजे उलटा फिरवलेला एसी. तो बाहेरच्या गार हवेत असलेली उष्णता खेचून आत आणतो, आणि सौम्य थंडीत एक युनिट विजेवर दोन ते तीन युनिटे उष्णता देऊ शकतो. थंडी वाढत जाते तसा त्याचा हा फायदा घटत जातो. गाडी अजून घ्यायची असेल आणि आपण थंड प्रदेशात राहत असू, तर हीट पंप आहे की नाही ही चौकशी माझ्या मते बॅटरी दोन युनिटांनी मोठी आहे की नाही या चौकशीइतकीच महत्त्वाची आहे.

प्लग लावलेला असतानाच गाडी तयार करणे

वर सांगितलेला सुरुवातीचा भुर्दंड बॅटरीऐवजी भिंतीतल्या प्लगकडून भरून घेता येतो, आणि रेंज वाढवण्याचा यापेक्षा परिणामकारक उपाय दुसरा नाही. बहुतेक प्लग-इन हायब्रिडमध्ये निघण्याची वेळ आधी ठरवून ठेवण्याची किंवा मोबाइलच्या ॲपवरून एसी-हीटर लांबूनच सुरू करण्याची सोय असते. गाडी चार्जरला जोडलेली असताना ती वापरली, की केबिन बाहेरच्या विजेवर हव्या त्या तापमानाला येते आणि आपण निघताना बॅटरी भरलेली राहते. पुढच्या प्रवासात फक्त तापमान टिकवण्याचाच खर्च उरतो.

यात वेळेचे गणित जरा बारकाईने पाहिले पाहिजे. घरातल्या साध्या सॉकेटवरचा चार्जर २३० व्होल्ट आणि १० अँपिअर या हिशेबाने २.३ किलोवॅट देतो. गारठलेल्या गाडीतला हीटर सुरुवातीला ४ किलोवॅट मागत असेल, तर वरचा पावणेदोन किलोवॅट बॅटरीतूनच जातो, आणि आपण पाच-दहा मिनिटांत प्लग काढून निघालो तर तेवढी वीज गमावलेली असते. असा हळू चार्जर असेल तर निघण्याच्या अर्धा तास आधी सुरुवात करावी. केबिन ऊबदार झाल्यावर हीटरची मागणी चार्जरच्या क्षमतेखाली येते आणि मधल्या काळात वापरलेली वीज पुन्हा भरून निघते. चार्जर ७ किलोवॅटचा असेल, आणि गाडीही तेवढी वीज घेऊ शकत असेल, तर ही काळजी करावी लागत नाही. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. दुसऱ्या बाजूने, फार लवकर सुरू करून यंत्रणा बंद होऊ दिली तर केबिनमधली ऊब थोड्याच वेळात निघून जाते, म्हणून तयारी संपण्याची वेळ आणि निघण्याची वेळ एकमेकींना चिकटून असावी.

चार्जिंगसुद्धा निघण्याच्या थोडे आधी संपेल अशा बेताने लावले, तर थंडीत आणखी एक फायदा होतो. चार्ज होताना बॅटरी थोडी तापते. लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, त्यामुळे थंड बॅटरीतून वीज काढताना जास्त नुकसान होते आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही ती पुरेशी सामावून घेऊ शकत नाही. संध्याकाळी सहाला चार्जिंग संपवून रात्रभर गारठलेल्या बॅटरीपेक्षा सकाळी नुकतेच चार्जिंग संपलेली बॅटरी पहिल्या काही किलोमीटरांत नक्कीच बरी वागते.

एक सावधगिरी मात्र येथेच सांगितली पाहिजे. काही गाड्यांमध्ये लांबून सुरू करण्याचे बटण दाबल्यावर थेट इंजिन चालू होते, आणि विजेवरची तयारी हा वेगळा पर्याय असतो. पुस्तिकेत हा फरक पाहून घ्यावा, कारण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू होणे हा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे जिवावरचा धोका आहे.

हवेपेक्षा माणसाला ऊब द्यावी

सीट गरम करणारी तार ५० ते ७५ वॅट वीज घेते आणि स्टीअरिंग गरम करणारी त्याहूनही फारशी जास्त नाही. केबिनचा हीटर हजारो वॅट घेतो. सीटची ऊब कपड्यांमधून सरळ पाठीला आणि मांड्यांना लागते, तीही दोन-तीन मिनिटांत. हवेची ऊब आधी सगळ्या काचांना आणि प्लास्टिकला वाटली जाते आणि मग आपल्यापर्यंत पोहोचते. म्हणून दोन्ही सीटा आणि स्टीअरिंग गरम करून हवेचे तापमान २२ ऐवजी १८ अंशांवर ठेवले, तर अंगाला जवळपास तेवढेच बरे वाटते आणि हीटरची सरासरी मागणी बरीच उतरते. आधीच्या कल्पित गाडीत ३ किलोवॅटची सरासरी सीट हीटर धरून दीड किलोवॅटवर आणता आली, तर गर्दीतली रेंज ३४ वरून ४३ किलोमीटरवर जाते.

याच विचाराने काही गाड्यांत फक्त चालकाच्या बाजूचे झरोके चालू ठेवण्याचे बटण दिलेले असते. गाडीत एकच माणूस असताना मागच्या रिकाम्या सीटांवर गार किंवा गरम हवा सोडण्यात काहीच अर्थ नसतो. अंगावर जाड कोट असेल तर सीटची ऊब पोहोचत नाही, हेही लक्षात ठेवावे. शिवाय जाड कोटावरून लावलेला सीटबेल्ट सैल राहतो, तेव्हा कोट काढून बसणे दोन्ही दृष्टींनी चांगले.

आतली हवा, बाहेरची हवा आणि काचेवरचे धुके

बाहेरून येणारी प्रत्येक घनमीटर हवा नव्याने गरम किंवा गार करावी लागते. तासाला ३०० घनमीटर हवा शून्यावरून २० अंशांवर न्यायची झाली तर केवळ त्या हवेसाठी सुमारे २ किलोवॅट उष्णता लागते, आणि ती सगळी मागच्या झरोक्यांतून बाहेर निघून जाते. गोल फिरणाऱ्या बाणाचे बटण दाबून आतलीच हवा फिरवली, की हा खर्च जवळजवळ थांबतो.

उन्हाळ्यात, विशेषतः दमट हवेत, या बटणाचा उपयोग आणखी मोठा आहे. एसी हवेतली नुसती उष्णता काढत नाही, तिच्यातली वाफ पाण्यात बदलून बाहेर टाकतो. गाडी थांबल्यावर खाली जे पाणी ठिबकत राहते ते हेच. एक लिटर पाणी असे हवेतून काढायचे तर सुमारे ०.६८ युनिट उष्णता शोषून घ्यावी लागते, आणि चांगल्या एसीलाही त्यासाठी पाव ते तृतीयांश युनिट वीज लागते. दमट प्रदेशात बाहेरची हवा सतत आत घेत राहिल्यास हवा गार करण्यापेक्षा ती कोरडी करण्यावरच जास्त ऊर्जा जाऊ शकते. आतली, एकदा कोरडी झालेली हवा फिरवत ठेवली तर हे काम बहुतांशी एकदाच करावे लागते.

तरीही हे बटण कायमचे दाबून ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. साधारण ३ घनमीटरच्या केबिनमध्ये चार माणसे बसली आणि बाहेरून हवा अजिबात शिरली नाही असे धरले, तर दहा मिनिटांत आतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या सुमारे दहापट होतो. प्रत्यक्षात थोडी हवा फटींतून येतच असते, पण लांबच्या प्रवासात डोके जड होणे आणि पेंग येणे यामागे कोंदट हवा असू शकते. दर पंधरा-वीस मिनिटांनी काही मिनिटे बाहेरची हवा घ्यावी, किंवा ऑटोवर ठेवून दोन्हींचे प्रमाण गाडीलाच ठरवू द्यावे.

थंडीत आणि पावसात प्रश्न वेगळा येतो. श्वासातली वाफ आतच फिरत राहिल्याने काचांवर धुके धरते. म्हणून ऑटोवर असलेली गाडी हिवाळ्यातही एसीचा कॉम्प्रेसर चालवते. तो हवा कोरडी करतो आणि मग हीटर ती गरम करतो. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी एसी बंद करावा असा सल्ला अनेकदा दिला जातो. कोरड्या थंडीत तो चालतो. पाऊस असेल, कपडे ओले असतील किंवा गाडीत तीन-चार जण असतील, तर चालत नाही. समोरचे दिसत नसेल तर रेंजचा विचार तिथेच सोडून द्यावा आणि काच पूर्ण साफ होईपर्यंत एसी, हीटर, ब्लोअर जे लागेल ते लावावे. धुके मुळात कमी धरावे यासाठी मात्र बरेच करता येते. काचेची आतली बाजू स्वच्छ पुसलेली असेल तर तिच्यावर बाष्प कमी दिसते, आणि ओल्या छत्र्या, भिजलेली पायपुसणी, बुटांवरचा बर्फ गाडीत साचू दिला नाही तर हवेत जाणारे पाणीच घटते.

उन्हात तापलेली गाडी

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वर जाऊ शकते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. अशा गाडीत बसल्याबरोबर काचा बंद करून एसी लावला, तर त्याला ६० अंशांची हवा गार करण्यापासून सुरुवात करावी लागते, जेव्हा बाहेरची ४० अंशांची हवा फुकट उपलब्ध असते. आधी सगळ्या काचा उघडून मिनिट-दोन मिनिटे गाडी चालवावी, तापलेली हवा निघून जाऊ द्यावी, मग काचा लावून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबून एसी सुरू करावा. सावलीत गाडी लावणे आणि पुढच्या काचेला आतून परावर्तक पडदा लावणे हे उपाय इतके साधे आहेत की ते सुचवताना संकोच वाटावा, पण भर दुपारी स्वच्छ आकाश असताना प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते, आणि पुढची काच हा त्याचा सर्वांत मोठा दरवाजा आहे.

तापमान एकदम सर्वांत खाली लावल्याने गाडी लवकर गार होते, हा समज मनातून काढून टाकावा. ऑटोवर २४ किंवा २५ अंश लावले तरी तापलेल्या गाडीत कॉम्प्रेसर सुरुवातीला पूर्ण जोर लावतोच. फरक एवढाच की हवे ते तापमान आल्यावर तो आपोआप मंदावतो. या गाड्यांतला कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्याचा वेग कमी-जास्त होऊ शकतो आणि हळू फिरताना तो अधिक किफायतशीर असतो. तळाला लावलेल्या एसीला थांबायचे केव्हा हेच कळत नाही.

काचा उघड्या ठेवून एसी बंद करणे शहरातल्या वेगात खरोखर फायद्याचे ठरते. वेग वाढतो तसा हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे महामार्गावर काचा लावून एसी सौम्य ठेवणेच योग्य.

एसीचे आणखी एक काम सहसा लक्षात येत नाही. अनेक प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरीही त्याच थंडाव्यावर अवलंबून असते. काहींत एसीतला वायू थेट बॅटरीजवळ फिरवला जातो, तर टोयोटा प्रायससारख्या गाड्यांत केबिनमधली हवा मागच्या सीटच्या कडेला असलेल्या जाळीतून बॅटरीकडे ओढली जाते. त्या जाळीवर पिशवी किंवा चादर टाकली, किंवा तिच्यामागची गाळणी धुळीने आणि केसांनी भरली, तर बॅटरी तापते. म्हणजे रणरणत्या उन्हात एसी पूर्ण बंद ठेवून वाचवलेली वीज बॅटरीच्या आयुष्यातून वजा होऊ शकते.

इंजिन कधी जागे होते, आणि कधी होऊ द्यावे

काही प्लग-इन हायब्रिडमध्ये विद्युत हीटर नसतोच. २०१२ सालच्या पहिल्या प्रायस प्लग-इनमध्ये हीटर लावला की बॅटरी भरलेली असूनही ऊब मिळवण्यासाठी इंजिन सुरू होत असे. २०१७ च्या प्राइममध्ये हीट पंप आल्यावर ही गरज कडक थंडीपुरती उरली. शेव्हरोले व्होल्टमध्ये विद्युत हीटर असूनही बाहेरचे तापमान एका मर्यादेखाली गेले की इंजिन चालू होत असे. काही गाड्यांत पुढच्या काचेचे धुके घालवण्याचे बटण दाबल्याबरोबर इंजिन गुरगुरायला लागते, आणि मालकाला वाटते की बॅटरीत काही बिघाड झाला. तसे काही नसते. त्या बटणाचा अर्थ गाडी ‘जास्तीत जास्त उष्णता, ताबडतोब’ असा घेते. अशा गाडीत शक्य असेल तेव्हा ते बटण न दाबता हवेची दिशा हाताने काचेकडे वळवावी, एसी चालू ठेवावा आणि तापमान बेताचे ठेवावे, म्हणजे बहुतेक वेळा इंजिनाशिवाय काम भागते.

छोट्या प्रवासात नुसत्या ऊबेसाठी इंजिन सुरू होणे ही सर्वांत वाईट स्थिती आहे. गार इंजिन जास्त पेट्रोल घेते, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत प्रदूषण जास्त होते, आणि पूर्ण तापण्याआधीच इंजिन बंद झाले तर तेलात पेट्रोल आणि पाण्याचा अंश साठत जातो. आपली गाडी कोणत्या तापमानाला आणि कोणत्या बटणावर इंजिन सुरू करते, हे प्रत्येक मालकाने एकदा माहीत करून घेतलेच पाहिजे.

लांबच्या प्रवासात मात्र हिशेब उलटा होतो. एकूण अंतर बॅटरीच्या आवाक्याबाहेरचे असेल तर इंजिन केव्हातरी लागणारच. मग ते केव्हा लागावे हे आपण ठरवावे. बहुतेक गाड्यांत ‘सेव्ह’ किंवा ‘होल्ड’ अशा नावाचे बटण असते, जे दाबल्यावर बॅटरीतली वीज राखून गाडी इंजिनावर चालते. थंडीच्या दिवशी सुरुवातीचा महामार्गाचा टप्पा इंजिनावर काढला, तर इंजिन त्याच्या सोयीच्या वेगाने चालते, केबिन वाया जाणाऱ्या उष्णतेवर तापते आणि बॅटरीतले एकही युनिट हीटरला द्यावे लागत नाही. पुढे शहरात शिरताना विजेवर आलो, तरी इंजिनाभोवतीचे गरम पाणी काही काळ हीटरला पुरत राहते. उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेचा उपयोग नाही, तरीही रांगत चालणाऱ्या गर्दीसाठी वीज राखून ठेवणेच हिताचे असते, कारण केवळ एसीसाठी उभ्या गाडीत पुन्हा पुन्हा इंजिन चालू होणे हा पेट्रोल जाळण्याचा अगदी निरुपयोगी प्रकार आहे.

यातला कोणता उपाय आपल्या गाडीत किती कामाला येतो, हे बहुतेक गाड्यांच्या पडद्यावरच दिसते. ऊर्जेचा तपशील दाखवणाऱ्या पानावर एसी-हीटर त्या क्षणी किती किलोवॅट घेतो आहे, किंवा प्रवासातल्या एकूण विजेपैकी किती टक्के त्याच्याकडे गेली, हा आकडा असतो. सुरू केल्यावर लगेच, मग दहा मिनिटांनी, मग तापमान दोन अंशांनी बदलून असा तो पाहावा. एसी लावल्यावर रेंजच्या आकड्यात एकदम होणारी घसरण पाहून घाबरू नये. तो आकडा हा गाडीचा अंदाज असतो आणि सुरुवातीचा मोठा खर्च शेवटपर्यंत तसाच राहील असे गृहीत धरून तो अनेकदा गरजेपेक्षा जास्त खाली येतो. किलोवॅटचा आकडा मात्र त्या क्षणीचा खरा खर्च सांगतो. केबिन स्थिरावल्यानंतरही तो उतरत नसेल, तर केबिनचा एअर फिल्टर धुळीने भरला आहे का हे आधी पाहावे, आणि फिल्टर स्वच्छ असूनही गारवा कमी वाटत असेल तर एसीतला वायू गळतो आहे का, हे तपासून घ्यावे.